शेवटच्या डब्यातला पेला

पुणे, निघण्यापूर्वी

प्रवासाला गेलेला माणूस सहसा काहीतरी बघायला गेलेला असतो. देऊळ, धबधबा, निदान एखादे ऐतिहासिक भुयार. मी खानदेशात गेलो तो एका पेल्यातले पाणी सांडते की राहते एवढेच बघायला, आणि तेही सासऱ्यांबरोबर. परत आल्यावर लोक विचारतात, काय काय पाहिलंत? पेला पाहिला म्हटले की ते विषय बदलतात. म्हणून एकदाचे सविस्तर लिहून टाकतो.

माझे सासरे, नाना, रेल्वेत इंजिनिअर होते. इंजिनिअर म्हटले की लोकांना इंजिन आठवते. नानांना इंजिनाविषयी मनापासून तुच्छता. "कोळसा घातला की कुणीही पळेल, त्यात काय मोठं," असे ते म्हणत. ते रुळांचे इंजिनिअर. रूळ, त्याखालचे स्लीपर, त्याखालची खडी, पूल आणि मोऱ्या हा त्यांचा संसार. तापीकाठच्या लाईनवर ते ओव्हरसियर म्हणून लागले, गोरा साहेब बोटीने मायदेशी गेल्यावर त्याच्या खुर्चीवर बसले, आणि खुर्ची जरा ऊबदार होते तोच वय झाले म्हणून उठले. मग ते आणि माई, म्हणजे माझ्या सासूबाई, पुण्याला आमच्याकडे राहायला आले. जळगाव ते नरडाणा हा नानांचा तुकडा रेल्वेने दुसऱ्या कुणाला दिला. नानांना त्याच्या बदली माझे घर मिळाले.

रुळांच्या लोकांची एक पद्धत आहे, ती इथे सांगितली पाहिजे. लाईन तपासायची तर इंजिनिअर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसतो, कारण हिसका तिथे जास्त कळतो. पाण्याचा पेला खिडकीशी ठेवतो. जिथे डबा हिसका खाईल आणि पाणी सांडेल, तिथे तो चुन्याची एक पुडी खिडकीबाहेर टाकतो. पुडी रुळाकडेला फुटते, पांढरा डाग पडतो. मागून गँग येते, डाग बघते, तिथली खडी ठोकून स्लीपर नीट बसवते. बोलाचाली नाही, कागद नाही. सगळा कारभार चुन्यावर.

नानांनी हाच कारभार आमच्या घरात सुरू केला. दार करकरले की दाराशी पांढरा डाग. पलंगाचा पाय डुगडुगला की पलंगाखाली डाग. जिन्याची पायरी हलली की पायरीवर डाग. खिशात सदैव एक लांब दांड्याची छोटी हातोडी असे. तिने ते भिंतीला, खुर्चीला, एकदा तर आमच्याकडे आलेल्या तबलजीच्या डग्याला ठोकून बघत आणि कान लावत. शेजारच्या बाईंनी माझ्या बायकोला हळूच विचारले, घरात काही बाधा आहे का, मांत्रिक कोणता बोलावलात? बाधा होती, पण ती वेगळी. डाग पाडून नाना वाट बघत बसत, आणि गँग येत नसे. कारण आमच्या घरात गँग म्हणजे मी.

माईंनी हे बरेच दिवस सोसले. मग एके दिवशी त्यांच्या लोणच्याच्या बरणीवर नानांनी हातोडी वाजवली आणि बरणीने आयुष्यभराचे मौन सोडून स्वतःचे दोन तुकडे केले.

"अहो," माई अगदी शांतपणे म्हणाल्या, "एकदा जाऊन बघून या. तुमच्याशिवाय गाडी रुळांवरून चालते की बांधावरून चालते ते. रुळांवरून चालत असेल तर ती हातोडी आणि त्या पुड्या तिकडेच ठेवून या."

नानांनी आव्हान घेतले. अटही त्यांनीच घातली. पेला काठाखाली बोटभर भरायचा. आपला तुकडा जाताना किंवा येताना एकदा जरी पाणी न सांडता पार पडला, तर हातोडी खाली ठेवायची आणि पुन्हा घरात चुना आणायचा नाही. सांडले, तर पुन्हा कुणी काही बोलायचे नाही. ह्या ऐतिहासिक कराराला साक्षीदार म्हणून माझी नेमणूक झाली. मी मनातल्या मनात त्या पेल्याला यश चिंतले. पाणी सांडले नाही तर मला उरलेल्या आयुष्यात पायऱ्या ठोकाव्या लागणार नव्हत्या.

जळगाव

जळगावात आम्हाला घ्यायला उस्मानभाई आले होते. पूर्वी नानांच्या ट्रॉलीवर होते, आता टांगा हाकतात. ट्रॉली म्हणजे रुळांवरचा चाके लावलेला एक चौरंग. साहेब तिच्यावर छत्री घेऊन बसतो आणि ट्रॉलीवाले रुळांवरून अनवाणी धावत तिला ढकलतात. उस्मानभाईंनी अर्धे आयुष्य नानांना असे ढकलण्यात घालवले. आता घोडा पुढून ओढतो आणि ते स्वतः बसतात, ह्या बढतीबद्दल त्यांनी अल्लाचे आभार मानले.

"साहब, बैठो. संभालके," उस्मानभाई म्हणाले. "जमाईराजा, तुम्हाला सांगतो, साहब ट्रॉलीवर बसले की बोलायचे नाहीत. नुसता हात वर. हात वर म्हणजे थांब. तपत्या उन्हात, तापलेल्या रुळावर थांब. साहब उतरणार, खडी पाहणार, एक गोटा उचलून वास घेणार. अरे, खडीला वास कसला असतो?"

"असतो," नाना म्हणाले. "मुरूम मिसळलेल्या खडीला असतो."

टांगा थेट आबांच्या मळ्याकडे निघाला. आबा हे जळगावजवळचे केळीचे मोठे बागायतदार आणि नानांचे जुने भांडखोर मित्र. दोघांची ओळखच भांडणातून झाली. आबांच्या केळीच्या बैलगाड्या लाईन ओलांडून स्टेशनकडे जात, आणि नाना फाटक बंद ठेवून घड्याळ बघत उभे राहत. आबा रुळापलीकडून शिव्या देत, नाना रुळाअलीकडून नियम सांगत.

"काय भो नानासायेब," आबांनी दारातच नानांना आपादमस्तक पाहिले. "लय वाळले तुमी. पुन्यात जेवू घालत नाही का तुमाले?"

हा प्रश्न मला होता हे मला जरा उशिरा कळले.

मळ्यात भरिताचा बेत होता. हिरवी लांबट वांगी पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, जाळावर भाजत होती. मग ती सोलून लाकडाच्या बडगीत घातली आणि दोघा गड्यांनी मुसळाने अशी ठेचली की नानांनासुद्धा त्यांच्या ठोकण्यात काही खोट काढता आली नाही. केळीच्या पानावर ते भरीत, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, वर तेलाची धार आणि हिरवी मिरची. पुण्यात आम्ही "पुरे" म्हटले की वाढणारा सुटकेचा श्वास सोडतो. इथे "पुरे" ह्या शब्दाचा अर्थ "अजून एक भाकरी, पण जरा मोठी" असा आहे. तोंड भरलेले असताना हात आडवा केला तर हातावर वाढतात. मी नाही म्हणणे सोडून दिले आणि माझे बरे चालले.

"तुमचे हे सासरे," आबा मला सांगत होते, "एक साल पाऊस असा लागला, असा लागला, की माझ्या केळीच्या गाड्या फाटकापाशी भिजत उभ्या. घड गळाले. मी त्या दिवशी नानासायेबाले लय बोललो. ते गप. दुसऱ्या हप्त्यात आले, अन् म्हने, आबा, तुमच्या गाड्यासाठी रुळाखालून मोरी काढतो. मले वाटलं चेष्टा करू रायले. पन काढली. अजून गाव तिले नानासायेबाची मोरी म्हनते."

आम्ही ती मोरी बघायला गेलो. भरल्या केळीच्या गाड्या खालून आरामात जात होत्या आणि एक गाढव सावलीला उभे होते. पुण्यात कुणाच्या सासऱ्याच्या नावाची मोरी आहे असे म्हटले तर अब्रूनुकसानीचा दावा होईल. नानांनी मोरीच्या कमानीला हातोडीने ठोकले, कान लावला, आणि पुढे गेले. त्यांना इतके समाधानी मी आमच्या घरात कधी पाहिले नव्हते.

शेवटचा डबा

नानांचा पास वरच्या वर्गाचा. पण शेवटचा डबा तिसऱ्या वर्गाचा निघाला, म्हणून आम्ही मऊ गादीवर पाणी सोडून लाकडी बाकावर बसलो. सरकारने एवढ्या वर्षांच्या प्रामाणिक सेवेचे बक्षीस म्हणून दिलेली गादी आमच्या पुढे चार डबे रिकामी धावत होती.

नानांनी पितळी पेला बोटभर कमी भरून खिडकीशी ठेवला, शेजारी चुन्याच्या पुड्यांची पिशवी, आणि हात गुडघ्यांवर ठेवून ते पूजेला बसल्यासारखे बसले. समोर एक वकील होते. काळा कोट, पांढरी टोपी. स्वराज्य आल्यापासून आपण तत्त्व म्हणून तिसऱ्या वर्गाने फिरतो, असे त्यांनी आपण होऊन सांगितले. नगरपालिकेची निवडणूक जवळ आल्याचे त्यांनी सांगितले नाही, पण डब्यात प्रत्येकाला ते नमस्कार करत होते त्यावरून कळले.

बाजाराला निघालेली एक म्हातारी बाई टोपली मांडीवर घेऊन पेल्याकडे टक लावून बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"हाई पानी पेवानं शे का नुसतं दखानं शे, बाबा?"

"बघायचं आहे, आजी," नाना म्हणाले. "सांडतं का ते बघायचं आहे."

"आते सांडी तर?"

"तर रूळ खाली बसलाय."

म्हातारीने ही माहिती पलीकडच्या बाकाला दिली, त्या बाकाने त्यापलीकडच्या. अमळनेर यायच्या आत सगळा डबा त्या पेल्याचा झाला होता. पुण्यात असे काही चालू असते तर शेजारच्यांनी वर्तमानपत्राआडून पाहिले असते आणि घरी जाऊन चर्चा केली असती. इथे माणसे उठून आली, पेल्याभोवती उभी राहिली, आणि पाणी किती आहे ह्यावर आपापले मत देऊ लागली. कापसाच्या एका व्यापाऱ्याने पेला जरा उजवीकडे सरकवावा अशी सूचना केली. एकाने पाण्याऐवजी दूध घ्यायला हवे होते असे सांगितले, म्हणजे सांडलेले पांढरे दिसले असते.

मध्येच एक लहानसा धक्का बसला. पाणी हलले, सांडले नाही. पण नानांच्या हाताला जुनी सवय. त्यांनी पुडी उचलली आणि बाहेर टाकली. वारा समोरून होता. पुडी खिडकीच्या गजावर फुटली आणि सगळा चुना वकीलसाहेबांच्या काळ्या कोटावर येऊन बसला.

"हा काय प्रकार आहे?" वकील उठून उभे राहिले. "मी कोण आहे ठाऊक आहे का तुम्हाला?"

"मला एवढंच ठाऊक आहे," नाना म्हणाले, "की तुम्ही उलट्या वाऱ्याला बसला आहात. सरका."

वकिलांना धुळ्याच्या कोर्टात ह्याच कोटात उभे राहायचे होते. त्यांनी कायद्याची काही कलमे सांगितली. नानांनी त्यांना पेला, पुडी आणि गँग ही पद्धत समजावून दिली. वकील झटकता झटकता ऐकत होते, मग नुसतेच ऐकू लागले, आणि थोड्या वेळाने माझ्या लक्षात आले की तेही पेल्याकडेच बघताहेत.

अमळनेर मागे पडले. माझी आशा वाढत चालली. पाणी डुलत होते, काठाला हात लावून परत जात होते. नरडाणा जवळ येऊ लागले तसा मी मनात जिन्याच्या पायऱ्यांचा निरोप घेऊ लागलो. तेवढ्यात नाना म्हणाले, "काळा नाला आला." डबा एकदम एका बाजूला खचला, उचलला गेला, आणि पेल्यातले पाणी खिडकीवरून माझ्या धोतरावर आले.

डब्यात एकच आनंदाची लाट उसळली. माणसे एकमेकांना टाळ्या देऊ लागली, म्हातारी तर टोपलीसकट उठून उभी राहिली. रूळ खाली बसल्याचा एवढा आनंद मी कुठे पाहिला नाही. नानांनी ह्या वेळी वारा बघून पुडी नेमकी टाकली. मागे वळून पाहिले तर खडीवर पांढरा डाग लांबपर्यंत दिसत होता. नानांचा चेहरा वीस वर्षांनी तरुण झाला होता. माझे धोतर ओले आणि भवितव्य पांढऱ्या डागांनी भरलेले.

धुळे

नरडाण्याहून धुळ्याला मोटारीने जायचे होते. नानांचा मोटारीवर विश्वास नाही. ज्या वाहनाला कुठेही वळता येते ते कुठेही वळेल, असे त्यांचे मत. रस्त्यात मोटारीने एवढे हिसके दिले की त्या हिशेबाने सगळा पश्चिम खानदेश चुन्याने पांढरा करावा लागला असता. नानांनी एकही पुडी टाकली नाही. "ह्यांच्याकडे गँगच नाही, टाकून उपयोग काय," असे म्हणून ते झोपी गेले.

धुळे मात्र त्यांना पसंत पडले. तिथल्या गल्ल्या सरळ आहेत. एका टोकाला उभे राहिले की दुसऱ्या टोकाचा माणूस दिसतो. पुण्याच्या पेठांतून आलेल्या माणसाला हे जरा उघडेउघडेच वाटते; उधारी असलेल्या दुकानासमोरून वळून जायची सोय नाही. नाना एका चौकात एक डोळा मिटून गल्लीच्या रेषेकडे बराच वेळ बघत राहिले. एक बाई घाबरून घरात गेली.

आम्ही माईंच्या धाकट्या बहिणीकडे, अक्कांकडे, उतरलो. अक्कांनी खापरावरचे मांडे केले होते. उपड्या मातीच्या खापरावर हातांवरून झुलवत टाकलेली ती पुरणाची पोळी एवढी मोठी, की ताटात बसवायची तर रुमालासारखी घडी घालावी लागते. पुण्यात आम्ही पुरणपोळीवर तूप घालतो. इथे वाटीभर तुपात मांडा घालतात, आणि वर आमरसाचा हंगाम नाही म्हणून क्षमा मागतात.

जेवताना नाना हसत होते, गोष्टी सांगत होते. अक्कांचा झोपाळा चांगला किंचाळत होता, पण त्यांनी खिशात हात घातला नाही. अक्का माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भावोजी बरे वाटताहेत की. ताई तर पत्रात काहीच्या बाही लिहिते."

मग काळ्या नाल्याचा विषय निघाला. तिथला भराव दर पावसाळ्यानंतर थोडा खाली बसतो, हे नानांनी सांगितले. खाली काळी माती, ती पाणी पिते आणि फुगते, मग सुकते आणि भेगाळते. किती खडी घातली तरी गिळते. नानांच्या नोकरीची उमेदीची सगळी वर्षे त्या एका जागेने खाल्ली.

"माझी भाची जन्मली तेव्हा भावोजी कुठे होते माहीत आहे?" अक्का मला म्हणाल्या. भाची म्हणजे माझी बायको. "काळ्या नाल्यावर. बारशाला आले, पायाला खडी लागलेली. ताई अजून विसरली नाही."

नाना मांड्याची घडी मोडत होते. "त्या दिवशी पाणी भरावाला लागलं होतं," ते म्हणाले. "मी आणि सुकलालची गँग. सुकलाल तेव्हा नवा मुकादम होता. गाडी लाल दिवा दाखवून थांबवली, माणसं उतरवून पायी पलीकडे नेली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मग दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की गाडीला उशीर झाला."

एवढे बोलून त्यांनी तुपाची वाटी पुढे केली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. नानांचे सगळे आयुष्य असे होते, की त्यांनी काम नीट केले तर कुणाला काही दिसायचेच नाही. सांडलेल्या पाण्याला सगळा डबा टाळ्या देतो. न सांडलेल्याला कोण देणार? पहिल्यांदाच मला पेल्याविषयी माझे स्वतःचे मत काय आहे ते कळेनासे झाले. पाणी सांडले म्हणून हा माणूस आज जेवत होता हे मात्र मला दिसत होते.

काळा नाला

परतताना नरडाण्याच्या फलाटावर वकीलसाहेब भेटले. कोट परटाकडून आला होता. वरच्या वर्गाचा डबा अर्धा रिकामा होता आणि मतदार तर फलाटावर एकही नव्हता, तरी ते मुकाट्याने आमच्या मागोमाग शेवटच्या डब्यात शिरले आणि ह्या वेळी वाऱ्याची बाजू बघून बसले. नानांनी पेला भरला.

गाडी निघाली आणि काही वेळाने हळू होत होत रानातच थांबली. डोकी बाहेर निघाली. पुढे लाल निशाण, रुळावर काम चालू होते. डब्यात चुळबुळ सुरू झाली. कुणाला लग्न गाठायचे होते, कुणाला सावकार. रेल्वेच्या नावाने बोटे मोडली जात होती, आणि ज्यांच्या एका पुडीने सरकारची गाडी रानात उभी राहिली होती ते गृहस्थ पेल्यावर हात धरून शांत बसले होते.

पांढऱ्या मिशांचा एक मुकादम डब्याडब्यातून बघत मागे आला. आमच्या खिडकीशी थांबला.

"सायेब, तुम्हीच शेतस ना?"

"सुकलाल," नाना म्हणाले.

"पांढरा डाग देखा अन् माले बठ्ठं समजनं," सुकलाल म्हणाला. "आते चुना कोनी टाकत नही, सायेब. नवा सायेब यंतर आनस, कागदवर रेघा काढस अन् निंघी जास. मंग त्या कागदनं काय व्हस ते देवले माहीत. मी पोऱ्यास्ले सांगं, नानासायेबना चुना शे, बठ्ठं काम सोडा अन् अठे लागा."

"तुला माहीत आहे ना, मी आता नोकरीत नाही?"

"माहीत शे ना."

"मग कुणाच्या हुकमाने गाडी थांबवलीस?"

सुकलालने मिशीवरून हात फिरवला. "डाग व्हता," तो म्हणाला. एवढे कारण त्याला पुरेसे वाटत होते.

"खडी घट्ट बसली का?"

"ते तुम्हीच सांगा आते."

हिरवे निशाण झाले. गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकू लागली. सुकलाल खिडकीला धरून बरोबर चालू लागला, आणि त्याचे डोळे पेल्यावर. गँगची माणसे पहारी टेकवून बाजूला उभी होती, त्यांचेही डोळे पेल्यावर. डब्यात लग्नवाले, सावकारवाले, सगळे उठून पेल्याभोवती. बाकीच्या तुकड्यात तर जातानाही पाणी सांडले नव्हते, म्हणजे सगळा निकाल ह्या एका जागेवर होता. आणि मला नानांची पंचाईत कळली. पाणी सांडले तर सुकलालचे काम कच्चे. न सांडले तर हातोडी गेली.

ताजी पांढरट खडी खालून सरकत गेली. पाणी काठाशी आले, थबकले आणि परत फिरले. डबा पलीकडे गेला.

कुणीच टाळी दिली नाही. मग वकीलसाहेब खाकरले. "ही चाचणी ग्राह्य धरता येणार नाही," ते म्हणाले. "गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगाने गेली. ह्या वेगाने पेला कुठेच सांडला नसता."

"बरोबर शे," डब्यातून दोघेतिघे म्हणाले.

"नाना, वकीलसाहेबांचं खरं आहे," मी म्हणालो. हे वाक्य माझ्याच तोंडून बाहेर पडले ह्याचे मला अजून नवल वाटते. शांत घर, न ठोकलेल्या पायऱ्या, सगळे मी एका वाक्यात सोडून दिले होते. "ही धरायची नाही."

"ताज्या खडीवरून गाडी अशीच नेतात," नाना म्हणाले. मग माझ्याकडे वळून आवाज खाली आणला. "वसंतराव, त्याने गँग घेऊन उन्हात काम केलंय, आणि तो इथे माझ्या खिडकीशी चालतोय. त्याच्या डोळ्यांदेखत मी म्हणू, की पुन्हा वेगाने नेऊन दाखव?"

त्यांनी पेला उचलला आणि पाणी पिऊन टाकले. खिशातून हातोडी काढली, दांड्यावरून एकदा अंगठा फिरवला, आणि खिडकीतून सुकलालच्या हातात दिली. पुड्यांची पिशवीही दिली. त्याने हातोडी कपाळाला लावली. गाडीने वेग घेतला तसा तो मागे राहिला, आणि नंतर त्या रुळाकडेच्या पांढऱ्या डागाएवढा दिसू लागला.

जळगाव आले. वकीलसाहेबांनी उतरताना नानांना नमस्कार केला. तो निवडणुकीचा नव्हता.

पुन्हा पुणे

करार पाळला गेला. घरात डाग नाहीत, ठोकाठोक नाही. माईंनी पहिल्या दिवशी शिरा केला. दार करकरायचे, नाना वर्तमानपत्र वाचायचे. पलंग डुगडुगायचा, नाना कूस बदलायचे. ताटात पडेल ते खायचे, मीठ कमी असले तरी काही म्हणायचे नाहीत. दुपारी खिडकीशी बसत, पण बाहेर बघत नसत. बायको म्हणाली, बाबांची तब्येत दाखवू या का. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली आणि सगळे ठीक आहे म्हणाले. डॉक्टरांना चांगले ठोकता येत नाही, असेही नाना म्हणाले नाहीत.

"भांडा तरी कुणाशी," माई एकदा त्यांना म्हणाल्या. ते नुसते हसले.

मग एका सकाळी मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना आणला. वर्तमानपत्राच्या कागदात बांधला. जिन्याची ती पायरी, जिच्यावर मागे कितीदा डाग पडला आणि मी कितीदा टाळाटाळ केली, तिच्यावर नेमकी पुडी आपटली. घरात चुना आणायचा नाही ही अट नानांची होती. मी कुठे काय कबूल केले होते?

नाना फिरून आले. पायरीशी थांबले. मग वाकून फुटलेला कागद उचलला.

"वसंतराव, पुडीला अशी गाठ मारत नाहीत," ते म्हणाले. "वाऱ्यात सुटते."

"बरं."

"आणि गँग कुठे आहे?"

मी पाठीमागे धरलेली पहार पुढे केली आणि बाही वर सारली.

नानांचा हात सवयीने खिशात गेला. खिसा रिकामा होता. हात तसाच राहिला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आलेली तरतरी जायला लागली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून माई आल्या. त्यांच्या हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता होता. तो त्यांनी नानांच्या हातात दिला.

"दुपारच्या आत परत पाहिजे," त्या म्हणाल्या. "चटणी कुटायची आहे."